हागी कपांचं पाझरणं असं थांबवलं

माझ्या दुकानातल्या हागी मातीच्या जपानी चहाच्या कपांबद्दल एकच तक्रार यायची: कपाखाली ओल राहते. कप फुटका नसतो. हागीची माती भरड, सच्छिद्र. भट्टीनंतर थंड होताना माती आणि वरचा झिलईचा थर कमीजास्त आकसतात, झिलईत केसासारख्या रेघा पडतात आणि तिथून पाणी झिरपतं.

उपाय जपानी घरांतलाच, ‘मेदोमे’. तांदूळ धुतलेल्या गार पाण्यात कप बुडवून मंद आचेवर वीसेक मिनिटं उकळायचा, त्याच पाण्यात पूर्ण निवू द्यायचा. गरम कप गार पाण्याखाली धरला तर तडकतो! तांदळातला स्टार्च छिद्रांत बसतो. मग धुऊन खडखडीत वाळवायचा, नाहीतर बुरशी धरते.

आता हे विकण्यापूर्वी मीच करते. चहाने रेघा हळूहळू रंगतात, ते मला फार आवडतं. ग्राहकांना तेही आधीच सांगते.