फोर-बाय-फोर क्लबची मुक्कामी सहल कशी आखावी

फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाड्यांचा ताफा घेऊन आडवाटेने जायचे आणि उघड्या रानात मुक्काम करायचा, अशी सहल बिघडते तेव्हा त्याचे मूळ बहुधा घरीच सापडते. ओढ्याला अपेक्षेपेक्षा जास्त पाणी असेल तर काय करायचे, गाडी रुतली तर दोर कोणाच्या हुकमाने ओढायचा, अंधार पडू लागला तर पुढे जायचे की मागे फिरायचे, हे प्रश्न आधी कोणी सोडवलेले नसतात. मग थकलेली, भुकेलेली आणि एकमेकांसमोर माघार घ्यायला संकोचणारी माणसे त्यांची उत्तरे वाटेत शोधू लागतात. म्हणून निर्णय शक्य तितके आधीच घ्यावेत, आणि ते गटातल्या सर्वांत नवख्या चालकाकडे पाहून घ्यावेत. पुढच्या सगळ्या पायऱ्यांना हीच कसोटी लावलेली आहे.

१. आधी माणसे आणि गाड्या, मग वाट

वाट आधी ठरवून तिच्यासाठी माणसे गोळा करण्याची सवय अनेक क्लबांत दिसते. क्रम याच्या उलट असावा. येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी माहिती घ्यावी. गाडीला लो रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) आहे का, जमिनीपासूनची उंची किती आहे, टायर कोणत्या प्रकारचे व किती झिजलेले आहेत, पुढे आणि मागे रिकव्हरीचे, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढण्याचे, पक्के हुक आहेत का, आणि चालकाने यापूर्वी वाळू, चिखल किंवा खडकाळ चढ यांपैकी काय हाताळले आहे, हे त्यात यावे. सोबत येणाऱ्या मुलांची व ज्येष्ठांची संख्या, तसेच कोणाला दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र ॲलर्जी आहे का, हेही विचारावे. मात्र ही माहिती फक्त प्रमुख आणि प्रथमोपचार सांभाळणारी व्यक्ती यांच्यापुरतीच ठेवावी.

एकट्या गाडीने आडवाटेला जाऊ नये, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. ताफा फार मोठा असला तरी तितकाच त्रास होतो, हे मात्र सहसा उशिरा लक्षात येते. माझ्या मते पाच ते आठ गाड्यांचा गट सर्वांत सुटसुटीत. त्याहून जास्त जण असतील तर दोन गट करावेत आणि प्रत्येक गटाला स्वतःचा प्रमुख, स्वतःचे रिकव्हरीचे साहित्य आणि स्वतःची प्रथमोपचार पेटी द्यावी.

२. वाट, परवानगी आणि वेळेचा हिशेब

वनखात्याची जमीन, संरक्षित क्षेत्र किंवा खासगी शेत यांतून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यासाठी लेखी परवानगी घ्यावी आणि तिची प्रत प्रत्येक गाडीत ठेवावी. सहलीच्या थोडे दिवस आधी अनुभवी सभासदांनी दोन गाड्यांनी वाटेची रेकी करून यावे. या रेकीत अडथळ्यांची जागा टिपावीच, शिवाय मधूनच पक्क्या रस्त्याला लागता येईल असे फाटेही नोंदवावेत, कारण आजारी माणसाला किंवा बिघडलेल्या गाडीला बाहेर काढताना तेच कामी येतात. नकाशे फोनवर उतरवून घ्यावेत आणि एक कागदी नकाशाही सोबत असावा.

वेळेचा अंदाज बहुतेक सगळे चुकवतात, आणि त्याचे कारण साधे आहे. एखादा अवघड चढ पार करायला एका गाडीला पाच मिनिटे लागत असतील, तर आठ गाड्यांच्या ताफ्याला तिथे चाळीस मिनिटे लागतात, कारण चढावर एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. असे चार अडथळे म्हणजे जवळजवळ तीन तास. म्हणून अंतराबरोबर अडथळेही मोजावेत आणि सूर्यास्तापूर्वी दोन तास मुक्कामावर पोहोचता येईल, इतकाच टप्पा ठेवावा. शिवाय दिवसाच्या मध्यावर एक ठिकाण आणि एक वेळ ठरवून टाकावी : त्या वेळेपर्यंत तिथे पोहोचलो नाही तर पर्यायी, जवळच्या मुक्कामाकडे वळायचे. हे घरीच ठरलेले असले की वाटेत कोणालाही कमीपणा घ्यावा लागत नाही.

३. वजन, इंधन आणि पाणी

गाडीचे एकूण अनुमत वजन आणि टपावरचा अनुमत भार हे दोन्ही आकडे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात. टपाच्या भारात कॅरिअरचे वजनही धरायचे असते. टपावर वजन वाढले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडव्या उतारावर ती कलंडण्याचा धोका वाढतो, म्हणून जड सामान खाली, मागच्या चाकांच्या पुढे ठेवून घट्ट बांधावे. गाडी उलटली तर सैल सुटलेली पाण्याची टाकी किंवा अवजारांची पेटी आतल्या माणसांना गंभीर इजा करू शकते.

लो रेंजमध्ये, वाळूत आणि चिखलात इंधन भराभर संपते. रस्त्यावर लिटरला १२ किलोमीटर चालणारी गाडी आडवाटेवर ६ किलोमीटर चालेल असे धरावे. मग १२० किलोमीटरच्या कच्च्या वाटेला २० लिटर लागतील आणि चौथा हिस्सा राखीव धरला तर २५ लिटर. ज्या गाडीची टाकी सर्वांत लहान, तिच्या हिशेबाने इंधन भरण्याच्या जागा ठरवाव्यात. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज किमान ५ लिटर पाणी धरावे, उष्ण हवेत अधिक, आणि ते एकाच मोठ्या टाकीत न ठेवता वेगवेगळ्या गाड्यांत वाटून ठेवावे.

४. रिकव्हरी : इथे घाई नको

सहलीतले सर्वांत धोकादायक काम रुतलेली गाडी बाहेर काढण्याचे असते, आणि नेमके तेच उत्साहाच्या भरात केले जाते. निघण्यापूर्वी एक सकाळ मोकळ्या मैदानात सराव ठेवावा आणि रिकव्हरीचा एक प्रमुख नेमावा. तो सांगेल तेव्हाच गाडी हलेल. बाकी कोणीही हातवारे करून सूचना देणार नाही.

गाडी रुतल्यावर पहिला उपाय दोर नव्हे. चाके जागच्या जागी फिरू लागताच ॲक्सिलरेटर सोडावा, नाहीतर गाडी आणखी खोल जाते. मग चाकांसमोरची आणि गाडीच्या पोटाखालची माती फावड्याने काढावी, टायरमधली हवा आणखी थोडी उतरवावी आणि चाकांखाली ट्रॅक्शन बोर्ड (चाकांना पकड देणाऱ्या खडबडीत फळ्या) सरकवावेत. बऱ्याच गाड्या एवढ्यानेच निघतात.

एवढे करूनही गाडी निघाली नाही, तर ताणला जाणारा नायलॉनचा स्नॅच स्ट्रॅप वापरावा. तो ओढताना लांबतो, त्यात ऊर्जा साठते आणि रुतलेली गाडी झटक्याऐवजी चढत्या जोराने बाहेर येते. त्याची तुटण्याची क्षमता दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या, सामानासह वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. म्हणजे अडीच टनांच्या गाडीसाठी ५ ते साडेसात टन. पट्टा फक्त गाडीच्या सांगाड्याला बसवलेल्या, क्षमता नोंदवलेल्या रिकव्हरी हुकाला लावावा. ट्रेलर ओढण्याचा टो बॉल यासाठी कधीही वापरू नये : तो अशा ताणासाठी बनवलेला नसतो, तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसे मेलेली आहेत. दोन पट्टे धातूच्या शॅकलने (जोडकडीने) जोडू नयेत, हेही याच कारणाने.

ओढताना पट्ट्यावर जड ब्लँकेट किंवा डॅम्पर (पट्टा तुटल्यास त्याची उसळी रोखणारे वजन) टाकावा आणि दोन्ही गाड्यांत चालकाखेरीज कोणी बसू नये. बाकी सर्वांनी पट्ट्याच्या रेषेत न थांबता बाजूला, त्याच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर उभे राहावे. ९ मीटरच्या पट्ट्यासाठी हे अंतर साडेतेरा मीटर होते. फोटो काढणाऱ्यांनाही हा नियम तितकाच लागू आहे.

विंच (ड्रमवर तार गुंडाळत गाडी ओढणारे यंत्र) वापरायची असेल तर हातमोजे घालावेत, झाडाला थेट तार न गुंडाळता रुंद पट्टा लावावा आणि पोलादी तारेचे किमान पाच वेढे ड्रमवर शिल्लक ठेवावेत.

५. ताफ्यात चालताना

वाट माहीत असलेली गाडी सर्वांत पुढे, आणि अनुभवी चालकाची, साहित्याने सज्ज गाडी सर्वांत मागे ठेवावी. नवखे चालक आघाडीच्या गाडीच्या लगेच मागे असावेत, म्हणजे त्यांना चाकोरी दिसते आणि सल्लाही तत्काळ मिळतो. प्रत्येक चालकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यावी. फाटा आला की मागची गाडी दिसेपर्यंत तिथेच थांबावे. एवढा एकच नियम पाळला तर ताफा सहसा हरवत नाही. प्रत्येक गाडीत वॉकीटॉकी असावी, आणि त्या भागात तिच्यासाठी कोणता परवाना लागतो ते आधीच पाहावे.

कच्ची वाट लागताच टायरमधली हवा उतरवावी, कारण हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, पकड वाढते आणि धक्केही कमी बसतात. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) असणारा दाब खडीच्या वाटेवर २५ च्या आसपास आणि मऊ वाळूत १५ ते १८ पर्यंत आणता येतो. त्याहून खाली गेल्यास वळताना टायर रिममधून निसटू शकतो. दाब कमी असताना वेगही कमी ठेवावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर लागताना पार्ट-टाइम प्रकारच्या (चारही चाकांचा जोर गरजेपुरताच जोडायच्या) गाडीची फोर-व्हील ड्राइव्ह काढून टाकावी, नाहीतर गिअर आणि ॲक्सल यांवर अकारण ताण येतो.

चढ अर्ध्यावर अडला तर गाडी आडवी वळवू नये. रिव्हर्स गिअरमध्ये, आले त्याच सरळ रेषेत खाली यावे. नवख्या चालकाला हे समजावून सांगण्यापेक्षा लहान चढावर करून दाखवलेले बरे.

ओढा आला की थांबून पाहावे. जे पाणी पायी ओलांडायची हिंमत होत नाही, त्यात गाडी घालू नये. सुमारे ३० सेंटीमीटर खोल वाहते पाणी पुष्कळ मोटारी उचलते आणि ६० सेंटीमीटर खोल प्रवाह भल्या मोठ्या एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकतो. साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी मध्येच बंद पडली तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते.

६. मुक्काम

कोरड्या नदीपात्रात आणि वाळलेल्या फांद्यांखाली तंबू लावू नयेत. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली आकाश निरभ्र असतानाही पात्रात लोंढा आणतो. गाड्या एका बाजूला, तोंड बाहेरच्या वाटेकडे करून लावाव्यात आणि तंबू दुसऱ्या बाजूला असावेत. एकदा तळ पडला की मुलांच्या वावरात कोणीही गाडी हलवू नये. तंबूत शेगडी, निखारे किंवा गॅसचा दिवा पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. शौचाचा खड्डा पाण्यापासून किमान ६० मीटर दूर आणि १५ ते २० सेंटीमीटर खोल असावा. शेकोटीची परवानगी असेल तर ती निजण्यापूर्वी पाणी ओतून, राख हाताला थंड लागेपर्यंत विझवावी.

७. संकटाची तयारी

घरी राहणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीकडे मार्ग, गाड्यांचे क्रमांक, सहभागींची यादी आणि परतण्याची वेळ लेखी द्यावी. त्याच कागदावर, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचाव यंत्रणेला कळवायचे, तेही लिहावे. मोबाइलची रेंज नसलेल्या भागात उपग्रहाद्वारे निरोप पाठवणारे साधन किंवा ४०६ मेगाहर्ट्झवर इशारा देणारा वैयक्तिक बीकन सोबत असावा. तो वापरण्याचे तिथले नियम आधी पाहावेत आणि तो कसा चालवायचा, हे निदान तिघांना माहीत असावे. रुग्णाला घेऊन कोणती गाडी निघेल आणि तिच्या सोबतीला दुसरी कोणती जाईल, हे आदल्या रात्रीच ठरवावे. प्रत्येक गाडीत चालकाच्या हाताशी अग्निशामक असावा. वाळलेल्या गवतातून गेल्यावर थांबून सायलेन्सरजवळ अडकलेले गवत काढून टाकावे.

८. परतताना

पक्का रस्ता लागताच, वेग वाढवण्यापूर्वी, सर्व गाड्यांच्या टायरांत पूर्ववत हवा भरावी, चाकांचे नट घट्ट आहेत का ते पाहावे आणि पाण्यातून आलेल्या गाड्यांचे ब्रेक हलकेच दाबत कोरडे करावेत. सर्वांत मागची गाडी रस्त्याला लागेपर्यंत आघाडीच्या गाडीने निघू नये. घरी पोहोचल्याचा निरोप प्रत्येकाने प्रमुखाला द्यावा आणि सर्वांचे निरोप आल्यावर प्रमुखाने घरच्या व्यक्तीला तसे कळवावे. वापरलेले पट्टे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत, कारण धाग्यांत शिरलेली वाळू त्यांना आतून कापत राहते. आणि जो पट्टा कुठेही चिरलेला दिसेल, तो पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून कापूनच टाकावा.