धावत्या मालगाडीच्या वाघिणीचा नंबर कसा टिपावा

‘दिव्याला मोठ्ठी मालगाडी पाहिली’ ही रेल्वेच्या छंदातली नोंद नव्हे, गप्पा झाल्या. नंबर सांगा. (वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा; वॅगन म्हणा हवं तर, माझ्या तोंडी वाघीणच बसलंय.)

जागा ठाण्याजवळचं दिवा जंक्शन. वसई आणि पनवेलचे फाटे इथेच मिळतात, न्हावा-शेवा बंदराच्या मालगाड्या याच वाटेने जातात. गर्दीच्या वेळा टाळा. प्लॅटफॉर्म तिकीट 10 रुपये, दोन तास चालतं. ‘यार्डात शिर, जवळून दिसतं’ म्हणणाऱ्याला हात जोडा. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणाऱ्यांचं कलम, रेल्वे कायद्याचं 147, त्याच्यासाठीच आहे.

इंजिनाचा पाच आकडी नंबर कुणालाही वाचता येतो. गोची वाघिणीची. तिच्या अंगावर 11 आकडे असतात: पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (01 मध्य, 08 पश्चिम), मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार तिच्या स्वतःच्या क्रमांकाचे आणि शेवटचा पडताळ्याचा.

‘व्हिडिओ काढ, घरी वाच’ हा सल्ला मी वर्षभर पाळला आणि घरी नुसते पांढरे फराटे पाहत बसलो. फोन एका जागी रोखून धरला की असंच होतं. एक वाघीण निवडा, ती समोरून जाईपर्यंत तिच्याबरोबर फोन वळवत न्या. बाकीच्या जाऊ द्या. रेकमधल्या (म्हणजे अख्ख्या गाडीतल्या) तीन वाघिणी नीट मिळाल्या तरी भरपूर झाल्या.

आता पडताळा. हा न करता नंबर कुणाला पाठवू नका. समजा 31010827462 टिपलात. पहिल्या दहांतले सम जागांवरचे आकडे मिळवा: 1+1+8+7+6 म्हणजे 23. त्याची तिप्पट 69. विषम जागांवरचे 3+0+0+2+4 म्हणजे 9. एकूण 78. पुढची दशकाची संख्या 80, फरक 2, आणि शेवटचा आकडाही 2. जमलं. गंजलेल्या पत्र्यावर 8 चा 3 वाचला असतात, तर उत्तर 7 आलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती.

पण या पडताळ्यावर आंधळा भरवसा नको. शेजारच्या दोन आकड्यांत 5 चा फरक असेल आणि तुम्ही त्यांची अदलाबदल केलीत, तर त्याला पत्ताच लागत नाही. वरच्याच नंबरात 27 ऐवजी 72 लिहून पाहा, उत्तर पुन्हा 2! अशाच एका नंबरावरून मी मित्राशी तासभर भांडलो होतो, पडताळा जुळतोय म्हणून. चूक माझीच निघाली. म्हणून 2-7, 1-6, 3-8, 4-9, 0-5 अशा जोड्या शेजारी दिसल्या की फोटो पुन्हा उघडा.

वेळ आणि दिशा लगेच लिहा. दिशा ‘पनवेलकडे’ किंवा ‘वसईकडे’ अशी; अप-डाऊन लिहिलंत की उरलेली संध्याकाळ त्या वादातच जाते.