प्लानित्साला जाताय? मग स्की जंपिंगच्या टेकड्या या क्रमाने बघा

स्लोव्हेनियाला जाणारे आपले बरेच लोक ल्युब्लियाना आणि ब्लेडचा तलाव करतात आणि परत फिरतात. ब्लेडहून गाडीने तासाभराच्या आत प्लानित्सा येतं, क्रान्स्का गोराच्या पुढे, रातेचे गावाजवळ. स्की जंपिंगची, म्हणजे उतारावरून स्कीवर घसरत येऊन हवेत लांब उडी मारायच्या खेळाची, थोडी जरी आवड असेल ना, तर अर्धा दिवस काढाच. फक्त एक ऐका, पोचल्या पोचल्या त्या सगळ्यात मोठ्या टेकडीकडे (टेकडी म्हणजे इथे उडीसाठी बांधलेला उतार) पळू नका. तिथे फोटो काढून निघालात तर ती इतकी मोठी का झाली हेच कळणार नाही.

आधी नॉर्डिक सेंटरमधलं म्युझियम बघा (नॉर्डिक म्हणजे स्की जंपिंग, क्रॉस-कंट्री स्कीइंग वगैरे प्रकार). हे सेंटर 2015 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं आणि 2023 ची नॉर्डिक वर्ल्ड चॅम्पियनशिप इथेच झाली. म्युझियममधून बाहेर आलात की लहान मुलांच्या टेकड्यांपाशी थांबा. सगळ्यात छोटी जेमतेम 15 मीटरच्या आसपासच्या उडीसाठीची आहे, आणि पोरं तिथून सुरुवात करून एकेक टेकडी वर सरकतात. उन्हाळ्यात गेलात तर जास्तच मजा, कारण उतारावर हिरव्या प्लास्टिकच्या झिरमिळ्यांचे थर असतात, शाकारलेल्या छपरासारखे एकावर एक, त्यावर पाणी मारतात म्हणजे स्की बर्फावर घसरतात तशा घसरतात. बर्फ नसताना सराव होतो तो असा. सेंटरमध्ये हवेच्या झोतात तरंगायला उभा विंड टनेलही आहे.

मग ब्लौदेकच्या टेकडीकडे वळा, खरी गोष्ट इथे सुरू होते. 1934 मध्ये इवान रोझमानने सुरू केलेली ही टेकडी स्टांको ब्लौदेकने वाढवत नेली. ब्लौदेक विमानं डिझाइन करणारा इंजिनियर, त्यामुळे माणूस हवेत कसा जाईल याचा विचार त्याच्या हाडामाशात होता असं मला वाटतं. त्याच वर्षी नॉर्वेचा बिर्गर रूड इथे 92 मीटर गेला, आणि 1936 च्या मार्चमध्ये ऑस्ट्रियाचा सेप ब्राडल, वय 18, जगात पहिल्यांदा 100 मीटरच्या पलीकडे जाऊन उभा उतरला. तेव्हा आंतरराष्ट्रीय स्की संघटनेला इतक्या मोठ्या टेकड्या मान्य नव्हत्या, पण प्लानित्सावाले अडून बसले नाहीत आणि त्यातूनच पुढे स्की फ्लाइंग, म्हणजे आणखी मोठ्या टेकडीवरून आणखी लांब उड्यांचा, हा वेगळा प्रकार आला. जुनी टेकडी 2001 मध्ये कोसळली, आज दिसते ती 2012 ची नवी.

आता लेटाल्नित्सा, तीच ती सगळ्यात मोठी टेकडी. लाडो आणि यानेझ या गोरिशेक भावांनी बांधलेली, 1969 मध्ये सुरू झाली, आणि 1972 ची पहिली स्की फ्लाइंग वर्ल्ड चॅम्पियनशिप इथेच झाली. खालून बघू नका नुसतं, बाजूच्या पायऱ्यांनी वर चढा, दम लागेल पण चढा. मधे थांबून उताराचा आकार बघा. उडी मारणारा खूप उंचावरून खाली आदळतो असं टीव्हीवर वाटतं, पण इथे जमीन त्याच्या खालून त्याच्याच वाटेने उतरत जाते, तो जमिनीपासून फार वर नसतोच, म्हणून ताशी 100 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने निघूनही पाय शाबूत राहतात. इंजिनियरांची सगळी हुशारी या वळणात आहे, आणि उड्या वाढत गेल्या तसं हे वळण पुन्हा पुन्हा बदलावं लागलं.

वर गेल्यावर 17 मार्च 1994 आठवा. त्या दिवशी आंद्रेआस गोल्डबर्गर 202 मीटर गेला पण उतरताना हात बर्फाला लागला, आणि मग फिनलंडचा टोनी निएमिनेन 203 वर नीट उभा राहिला, 200 पार करून उभा उतरलेला पहिला माणूस. 2025 च्या मार्चमध्ये स्लोव्हेनियाच्याच डोमेन प्रेव्त्सने इथे 254.5 मीटरचा विश्वविक्रम केला. म्हणजे 92 पासून 254.5 पर्यंत सगळं या एकाच दरीत, थोडं चालून पायी बघता येतं, असं दुसरं ठिकाण मला तरी माहीत नाही.

वेळ उरला तर दरीत आणखी आत तामार या डोंगरातल्या ठिकाणापर्यंत चालत जा, तासाभराची सोपी वाट आहे.

स्पर्धाच बघायची असेल तर मार्चचा शेवट धरा, सीझनच्या शेवटच्या उड्या इथे होतात. गर्दी प्रचंड असते, राहायचं आधीच बुक करा आणि गरम बूट घाला, कारण तासन् तास बर्फात उभं राहायचंय. आणि बोर्डावरच्या मीटरकडेच बघत बसू नका. पाच जज स्टाइलचे मार्क देतात, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सोडून बाकी तीन धरतात, शिवाय वाऱ्याचे पॉइंट वजा-अधिक होतात, त्यामुळे लांब जाणारा जिंकेलच असं नाही. उतरताना एक पाय पुढे आणि गुडघे वाकवून टेलिमार्क जमला का ते बघा, मार्क बरेचसे तिथेच ठरतात.