‘पिक अप’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कसा ओळखावा आणि प्रतिशब्द कसा निवडावा

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला सुट्या इंग्रजी शब्दांपेक्षा क्रियापद आणि अव्यय यांची जोडी अधिक अडवते. ‘पिक’ म्हणजे वेचणे किंवा निवडणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे दोन्ही ठाऊक असूनही ‘बिझनेस हॅज पिक्ड अप’ या वाक्याचा अर्थ त्या दोहोंच्या बेरजेतून निघत नाही. ही तक्रार जुनीच आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत परभाषकांना या रचनेची सर्वाधिक अडचण होते, असे नोंदवले होते. मराठी माणसाने मात्र फार बिचकू नये, कारण ‘बोलणे’, ‘बोलून टाकणे’ आणि ‘बोलून बसणे’ यांतला फरक त्याला कोणी न शिकवता कळतो. इंग्रजीत तेच काम ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ अशी अव्यये करतात.

अर्थांची यादी पाठ करण्याऐवजी प्रत्येक वाक्यात एकच प्रश्न विचारावा: ‘पिक अप’चे कर्म कोणते आहे, आणि मुळात कर्म आहे की नाही? ‘द बॅग’ असेल तर उचलणे, ‘द पॅसेंजर्स’ असेल तर गाडीत घेणे, ‘अ लँग्वेज’ असेल तर कानावरून शिकणे, आणि कर्मच नसेल तर बहुधा वेग, तेजी किंवा सुधारणा, असा निकाल त्या उत्तरावरून लागतो. प्रतिशब्दही त्याच उत्तरावर ठरतो. शब्दकोशात एकाखाली एक छापलेले ‘लिफ्ट’, ‘कलेक्ट’, ‘लर्न’ आणि ‘इम्प्रूव्ह’ हे ‘पिक अप’चे प्रतिशब्द असले, तरी ते एकमेकांचे प्रतिशब्द नाहीत, हे नीट ध्यानात ठेवावे.

जमिनीवरची वस्तू उचलण्यासाठी ‘लिफ्ट’ चालतो. एखाद्या ठिकाणी जाऊन माणूस किंवा माल घेऊन येण्याचा अर्थ असेल, तर ‘कलेक्ट’ हा शब्द घ्यावा. सोलापूरच्या बाजारात ‘माल उचलला’ असे म्हणतात आणि त्यावरून पत्रातही ‘लिफ्ट द मटेरियल’ असे लिहिले जाते. येथील व्यापाऱ्यांना ते कळते, पण परदेशी ग्राहकाला टॉवेलच्या गाठी कोणी तरी नुसत्या हातांनी उचलून धरल्या आहेत, असे वाटण्याचा संभव आहे. ‘अवर ड्रायव्हर विल कलेक्ट द टॉवेल्स फ्रॉम युवर गोडाउन’ हे वाक्य तेथे अधिक स्पष्ट आहे. माणसांच्या बाबतीत स्थळ सांगायला विसरू नये. ‘आय पिक्ड अप माय सिस्टर फ्रॉम द स्टेशन’ हे वाक्य निर्दोष आहे, परंतु अनोळखी स्त्री किंवा पुरुष कर्म असून स्थळ व कारण गाळले, तर लगट करून सोबत नेल्याचा अर्थ निघू शकतो. कर्ता पोलीस असतील, तर त्याच शब्दांचा अर्थ ताब्यात घेणे असा होतो.

शिकण्याचा अर्थ अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी सोलापूरइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल. शहराच्या पूर्व भागात मराठी घरातले मूल शेजारच्या विणकर कुटुंबातील मुलांबरोबर खेळता खेळता तेलुगू बोलू लागते, आणि अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकांशी रोज व्यवहार करणारा दुकानदार वर्ग न लावता कन्नड बोलतो. या दोघांविषयी ‘ही पिक्ड अप तेलुगू’, ‘ही पिक्ड अप कन्नडा’ असे म्हणणे अगदी नेमके आहे, कारण या क्रियापदात शिकवणीविना, सहवासाने आणि सहजपणे शिकणे अभिप्रेत असते. ‘लर्न’ हा प्रतिशब्द येथे चालतो, पण त्यातून ही सहजता जाते. ‘अक्वायर’ औपचारिक लेखनाला शोभतो. उलट, महाविद्यालयात शिकलेल्या विषयासाठी मुलाखतीत ‘आय पिक्ड अप अकाउंटन्सी’ असे सांगितल्यास विषय येता-जाता कानावर पडला होता, असा समज होईल. तेथे ‘स्टडीड’ हेच म्हणावे.

कर्म नसलेला प्रयोग चादरीच्या व्यापाऱ्याला सर्वात लवकर समजेल. थंडी पडू लागली की चादरींना उठाव येतो. हा ‘उठाव’ म्हणजेच ‘सेल्स पिक अप इन विंटर’ मधला ‘पिक अप’ होय. ‘इनक्रीज’ हा प्रतिशब्द अनेक पुस्तकांत दिलेला असतो आणि तो चुकीचा नाही, तथापि मंदीनंतर पुन्हा हालचाल सुरू झाल्याची छटा त्यात येत नाही. ती हवी असेल, तर ‘इम्प्रूव्ह’ किंवा ‘रिकव्हर’ योग्य; वाऱ्याचा जोर वाढला असेल, तर मात्र ‘इनक्रीज’ किंवा ‘स्ट्रेंग्थन’ पुरेसा आहे.

उरलेले अर्थ थोडक्यात सांगता येतात. सर्दीसारखा आजार लागला तर ‘कॅच’, वैद्यकीय अहवालात ‘काँट्रॅक्ट’; रेडिओने केंद्र पकडले तर ‘रिसीव्ह’; घरी जाताना वाटेत शेंगाचटणी घेतली तर ‘बाय’; थांबलेला विषय पुढे चालू केला तर ‘रिझ्यूम’; सर्वांचे बिल एकाने चुकते केले तर ‘पे’. फोनच्या बाबतीत ‘ही इज नॉट पिकिंग अप’ किंवा ‘पिक अप द फोन’ म्हणावे. ‘पिक अप माय कॉल’ भारतात सर्रास ऐकू येते, परंतु ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकासाठी ‘आन्सर माय कॉल’ लिहिणे बरे.

प्रतिशब्द न वापरता ‘पिक अप’च ठेवायचे असेल, तर शब्दक्रम सांभाळावा लागतो. कर्म नाम असेल तर ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. सर्वनाम मात्र मध्येच यावे लागते: ‘पिक इट अप’ बरोबर, ‘पिक अप इट’ चूक. कर्म लांबलचक असेल, तर क्रियापद आणि अव्यय एकत्र ठेवलेले चांगले, नाहीतर वाचकाला ‘अप’पर्यंत पोहोचेतो सुरुवातीचे ‘पिक’ विसरते. ‘पिक अप ऑन’ म्हणजे सूक्ष्म गोष्ट हेरणे, अर्थात ‘नोटिस’. तेथे कर्म ‘ऑन’नंतरच येते.

लिहिताना क्रियापदाचे दोन शब्द सुटे ठेवावेत आणि नाम जोडून लिहावे. ‘गाडीला पिकअप नाही’ या आपल्या नित्याच्या वाक्यात किंवा भाजी वाहणाऱ्या पिकअपच्या नावात नाम आहे, म्हणून ते जोडलेले. ‘द ट्रक पिक्ड अप स्पीड’ मध्ये क्रियापद आहे, म्हणून ते सुटे, आणि त्याचा प्रतिशब्द ‘गेन’ किंवा ‘गॅदर’.