बंदरावर अमूर्त फोटो काढताना या चुका टाळा

पुण्याला समुद्र नाही, म्हणून आपण बंदरावर हावऱ्यासारखे जातो. मध्यरात्रीनंतर निघायचं, ताम्हिणी उतरायची, उजाडता उजाडता दापोलीजवळचं हर्णै बंदर गाठायचं आणि दोन तासांत चारशे फोटो घेऊन परतायचं. मीही काही वर्षं हेच करत होतो. घरी येऊन पाहिलं की होड्या, सुवर्णदुर्ग, जाळी, गर्दी असं सगळं असायचं. ज्या रंगांसाठी आणि रेषांसाठी गेलो, ते मात्र एकाही चौकटीत नसायचं.

मुळातली चूक तीच. आपण बंदराचा फोटो काढतो. अमूर्त फोटोला, म्हणजे ज्यात वस्तू नाही तर नुसते रंग, रेषा आणि आकार दिसतात त्याला, बंदर लागत नाही, एक पृष्ठभाग लागतो.

एकदा किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होडीच्या कडेला पाऊण तास बसलो होतो. वर पोपटी रंग, त्याखाली निळा, त्याखाली शेंदरी. जिथे दोर घासला होता तिथे तिन्ही थर एका कमानीत उघडे पडले होते आणि त्या कमानीवर माशाचे सुकलेले खवले चिकटले होते, अभ्रकासारखे चमकत. नाखवांनी विचारलं, "काय शोधताय दादा?" दाखवल्यावर म्हणाले, "ही बाजू काय बघता, धक्क्याकडची बघा." धक्क्याला टांगलेल्या टायरांनी त्या बाजूवर वर्षानुवर्षं काळे फराटे ओढले होते. त्या दिवशीचे माझे सगळे चांगले फोटो त्या दोन मीटरांतले आहेत. तेव्हा आधी कॅमेरा पिशवीत ठेवून एक फेरी मारा, एक जागा निवडा आणि तिथेच थांबा. विचारूनच जवळ जा. दोर ताणला जात असताना किंवा माल उतरत असताना मध्ये उभं राहू नका, ती त्यांची कामाची वेळ असते. मोठ्या व्यापारी बंदरांत आणि नौदलाच्या हद्दीलगत परवानगीशिवाय कॅमेरा काढूच नका.

तिथी न बघता निघणं

हवामान सगळे बघतात, भरती कुणी बघत नाही. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या सुमारास सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हात पाणी भरलेलं असतं. प्रतिबिंबं हवी असतील तर तेव्हा जा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरती बाराच्या आसपास येते आणि सहाच्या सुमाराला पाणी खूप आत गेलेलं असतं. चिखलातल्या नक्ष्या, कलंडलेल्या होड्या, त्यांच्या तळाला चिकटलेले शिंपले तेव्हाच दिसतात. हा हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ त्या बंदराच्या वेळापत्रकात बघून घ्या.

पावसाळ्यात जायचं टाळणं हीसुद्धा चूकच. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, हंगामाआधी रंग खरवडणं आणि नवे हात देणं चालू होतं. ढगाळ उजेडात सावल्या कडक पडत नाहीत आणि ओला रंग कोरड्यापेक्षा गडद दिसतो. छत्री धरायला एक मित्र सोबत न्या.

प्रतिबिंब नेहमी पुसटच का येतं?

याचं उत्तर मला फार उशिरा कळलं, म्हणून सविस्तर सांगतो. आपण पाण्यावर फोकस करतो. पण प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. पाणी तुमच्यापासून तीन मीटरवर आणि तिथून होडी आणखी पाच मीटरवर असेल, तर प्रतिबिंबाचा फोकस आठ मीटरवर लागतो. पाण्यावरचा फेस धारदार आणि रंग पुसट, असा फोटो आला की कारण हेच. उपाय असा: आधी होडीवरच फोकस करा, तो लॉक करा, मग कॅमेरा खाली पाण्याकडे वळवा.

शटरचंही ठरवून घ्या. लाटेची घडी स्पष्ट हवी तर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, रंग ओघळल्यासारखे हवे तर १/८च्या आसपास. मधल्या १/६० वर धड हे ना धड ते होतं. आणि पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, काढून ठेवा. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनात तो प्रतिबिंब जवळजवळ पुसूनच टाकतो. ओल्या रंगावरची चकाकी घालवायला मात्र तोच हवा.

रंग फिके येतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. अख्खी चौकट निळ्या फळ्यांनी भरली की ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेड बघून रंग आपोआप जुळवणाऱ्या सेटिंगला) वाटतं उजेडच निळा आहे आणि तो निळा मारून टाकतो. सूर्याचं चिन्ह असलेलं सेटिंग लावा किंवा रॉमध्ये काढा, म्हणजे रंग नंतर नीट करता येतात. पांढरी होडी करडी येत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा, डांबर फासलेली असेल तर कमी करा. फोनवाल्यांनी वाइड लेन्स टाळावी. दोन पावलं मागे जाऊन २एक्स किंवा ३एक्स वापरावं, म्हणजे फळ्यांच्या रेषा वाकत नाहीत.

फोटो एकमेकांना दाखवतो तेव्हा मला सगळ्यात जास्त खटकतात ते कोपरे. मधे गंजाचा सुंदर डाग आणि वर डावीकडे आभाळाचा नखाएवढा तुकडा! डोळा तिथेच पळतो. होडीवरच्या अक्षरांचंही तसंच, पूर्ण नाव दिसलं की माणूस वाचायला लागतो. अर्धा आकडा कापून घेतला की तो आकार होतो. बटण दाबण्याआधी चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवायची सवय पुण्यातच लावून घ्या. जुन्या बाजारातली भंगाराची थप्पी आणि तांबट आळीतली ठोक्यांनी भरलेली पातेली सरावाला उत्तम आहेत.

राहिलं खाऱ्या वाऱ्याचं. एसी गाडीतून उतरल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या. परतल्यावर लेन्स कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग गोड्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या मऊ फडक्याने टिपा आणि शेवटी कोरडं फडकं फिरवा. हे पुण्याला पोचल्यावर नाही, घाट चढण्याआधी करा.