लक्सरचे खग्रास सूर्यग्रहण २०२७: शिबिराला जाताय? मग तालीम करा

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढ अमावस्या. आपल्याकडे दिवे घासूनपुसून पुजायचा दिवस. त्याच दुपारी इजिप्तमधल्या लक्सरला एक वाजून दोन मिनिटांच्या सुमारास सूर्य पूर्ण झाकला जाईल आणि सव्वासहा मिनिटांहून थोडा जास्त वेळ झाकलेलाच राहील. एरवी खग्रास स्थिती दोन-चार मिनिटांत आटोपते. याहून लांबलेली आता थेट २११४ सालात. महाराष्ट्रात त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास आहे, पण ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे वर ढगांची गोधडी. २२ जुलै २००९ च्या खग्रासाला सुरत-पाटणा पट्ट्यात जमलेल्या बऱ्याच जणांना पावसाळ्याने काय दाखवले, ते आठवत असेलच.

लक्सरला ऑगस्टात पाऊस जवळजवळ नसतोच. तिथे त्रास देतात ऊन आणि धूळ. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे ग्रहणाच्या आदल्या दिवशी उतरून दुसऱ्या दिवशी आकाशाकडे पाहू, हा बेत कामाचा नाही. ३० जुलै ते ३ ऑगस्ट असे चार-पाच दिवसांचे शिबिर घ्यावे आणि आधीचे दिवस तालमीला वापरावेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांची तुकडी आपल्या विजयदुर्गाला तळ देऊन होती. ‘मेलपोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्यांनी मदतीला घेतले आणि ग्रहणाआधी त्यांच्याकडून तालमी करून घेतल्या. हातात मिनिटे होती जेमतेम दोन.

पैसे भरण्याआधी

खग्रासचा पट्टा साधारण २५८ किलोमीटर रुंद आहे. लक्सर त्याच्या मध्यरेषेजवळ येते, कैरो पट्ट्याबाहेर. सूर्य ९५ टक्के झाकला गेला तरी तो खग्रास नव्हे. राहिलेल्या पाच टक्क्यांतही इतका उजेड असतो की प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचे फिकट तेजोवलय (करोना), दिसत नाही. म्हणून आयोजकाकडून शिबिराचे अक्षांश-रेखांश लेखी घ्या आणि नकाशावर स्वतः टाकून पाहा. नाईल क्रूझचे पॅकेज असेल तर २ तारखेला सकाळी ११ ते दुपारी ३ बोट नेमकी कुठे उभी असेल, हेही लेखी हवे.

मग विचारा: बसायला सावली किती जणांना पुरेल? रात्री किती वाजता दिवे बंद होतात? जनरेटर दुर्बिणींपासून किती लांब? डॉक्टर आहे का? जेवणाचा मेन्यू शेवटी विचारला तरी चालेल. फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ), तामिया (त्याच दाण्यांचे वडे), कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी) हे तिथले साधे पदार्थ शाकाहाऱ्यांना अडचणीचे नाहीत; सोबत लाडू, खाकरा, मेतकूट असले की झाले.

ड्रोन नेऊ नका, इजिप्तमध्ये परवानगीशिवाय तो कस्टमवरच अडतो. मोठी दुर्बीण नेणार असाल तर सामानाची यादी असलेले आयोजकाचे पत्र जवळ ठेवा. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही आणि २०,००० एमएएचची नेहमीची पॉवरबँक ७४ वॉट-अवरची असते. तिथे वीज २२० व्होल्टच, पण सॉकेट दोन गोल पिनांचे. आपली जाड तीन पिनांची प्लग त्यात जात नाही, ॲडॅप्टर घ्या.

डोळे आणि फिल्टर

माणशी दोन ग्रहणचष्मे, आयएसओ १२३१२-२ मानकाचे. चष्मा लावून घरातल्या खोलीत पाहिले तर काहीच दिसता कामा नये. ट्यूबलाइट स्पष्ट दिसली तर तो चष्मा टाकून द्या. मग तो बल्बसमोर धरून टाचणीएवढी भोके, चरे आहेत का ते बघा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांतले काहीही चालत नाही. ते उजेड कमी करतात, पण न दिसणारे अवरक्त किरण आत येऊ देतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नाही, त्यामुळे भाजल्याचे तेव्हा कळतही नाही.

दुर्बीण, द्विनेत्री (बायनॉक्युलर) आणि कॅमेरा यांचा फिल्टर पुढच्या तोंडावर बसवायचा. डोळ्याजवळच्या भिंगाला लावायचा छोटा फिल्टर एकवटलेल्या उष्णतेने तडकतो. फाइंडरवर, म्हणजे नेम धरायच्या छोट्या जोडदुर्बिणीवर, झाकण घाला, तेही विसरू नका.

फिल्टर-फिल्मची टोपी घरी करत असाल तर पुठ्ठ्याची कड ४-५ सेंटिमीटर खोल ठेवा आणि फिल्म ताणू नका, सुरकुत्या राहिल्या तरी बिघडत नाही. एरवी ही टोपी चिकटपट्टीने अडकवतात. लक्सरच्या उन्हात पट्टीचा डिंक पातळ होतो. वाऱ्याच्या झोताने टोपी उडते, नाहीतर ऐन क्षणी पट्टी सुटता सुटत नाही आणि ओढाओढीत दुर्बीण हलते. त्याऐवजी दोन बाजूंना वेल्क्रोचे तुकडे शिवून घ्या. एका हाताने, तीन सेकंदांत, कॅमेरा न हलवता टोपी निघाली पाहिजे.

पहिल्या रात्री

अमावस्या जवळ असल्याने चंद्र पहाटे, कोरीएवढा. रात्र अंधारी मिळते. दहाच्या सुमारास दक्षिणेला वृश्चिक आणि धनु, त्यांच्यातून वर चढत गेलेली आकाशगंगा. मुंबईच्या मानाने अक्षांश सुमारे साडेसहा अंश जास्त, म्हणून ध्रुवतारा थोडा वर दिसेल.

अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो आणि एका पांढऱ्या टॉर्चने तो सराव वाया जातो. तुमचा एकट्याचा नाही, आसपासच्या सगळ्यांचा. हेडलॅम्पवर लाल जिलेटिनचे दोन थर लावा. मोबाइलचा उजेड सगळ्यात कमी ठेवा. दुसऱ्याच्या दुर्बिणीला हात लावण्याआधी विचारायचे आणि भिंगाशी डोळा नेताना नळी धरायची नाही. बूट घालण्याआधी झटकायचे, वाळवंटात विंचू असतात.

इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवत ठेवणारी बैठक) असलेल्यांनी ध्रुवताऱ्यावर जुळणी याच रात्री करून टाकावी आणि ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागा दगडांनी पक्क्या खुणावून ठेवाव्यात. दिवसा ध्रुवतारा कुठून आणणार?

दुपारची तालीम

३१ जुलै आणि १ ऑगस्ट, दोन्ही दिवशी साडेबारा ते सव्वा वाजेपर्यंत सगळी मांडामांड करून बघायची. दोन दिवसांत सूर्याची जागा फारशी बदलत नाही, म्हणून तालमीत जे अडते तेच ग्रहणाला अडणार.

पहिली अडचण मानेची. खग्रासच्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ८२ अंश वर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असेल. उभ्याने सहा मिनिटे वर पाहणे कोणालाच जमत नाही. फोमची मॅट, तिच्यावर सतरंजी अंथरून आडवे व्हा. नुसती सतरंजी पुरत नाही, वाळू खालून भाजते.

दुसरी अडचण ट्रायपॉडची. कॅमेरा इतका उभा केला की बऱ्याच ट्रायपॉडचे डोके मध्येच अडते आणि कॅमेऱ्याची मागची बाजू पायावर आपटते. एक पाय दक्षिणेकडे करा, म्हणजे उत्तरेच्या बाजूला दोन पायांमधल्या रिकाम्या जागेत कॅमेरा खाली उतरतो. लांब लेन्स उभी केल्यावर प्लेटमधून घसरते, तो स्क्रू नाण्याने आवळा. मधल्या दांड्याला कापडी पिशवी टांगून तिच्यात चार-पाच किलो वाळू भरा. वाळू काही विकत घ्यावी लागणार नाही. वाकणारा स्क्रीन नसेल तर जमिनीवर पडून कॅमेऱ्यात बघावे लागते. हे तालमीतच कळलेले बरे.

तिसरी अडचण माउंटवाल्यांची, आणि सगळ्यात फसवी. लक्सरला त्या दिवशी सूर्य मध्यान्हरेषा (डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा) ओलांडतो साधारण १२ वाजून ५६ मिनिटांनी, म्हणजे खग्रासच्या सहाएक मिनिटे आधी. जर्मन पद्धतीचे (एका बाजूला दुर्बीण, दुसऱ्या बाजूला वजन असलेले) इक्वेटोरियल माउंट नेमके तेव्हा दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवायला जाते किंवा थांबते. माउंटच्या सेटिंगमध्ये मध्यान्हाच्या पुढे किमान ५ अंश चालत राहण्याची मुभा द्या आणि दोन्ही दिवस १ वाजून १० मिनिटांपर्यंत चालवून बघा. नळी ट्रायपॉडला घासत असेल तर तेव्हाच दिसेल.

साध्या ट्रायपॉडवर ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स पुरे. ५०० मिलिमीटरला सूर्याचे चित्र सेन्सरवर साडेचार मिलिमीटरचे पडते, भोवतीच्या प्रभामंडलाला भरपूर जागा उरते. सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. खग्रासच्या काळात तीनदा सरकेल, मध्ये एकदा तरी फ्रेम सावरावी लागते. ऑटोफोकस बंद. फिल्टर लावून सूर्याच्या कडेवर किंवा डागावर हाताने फोकस करा. उन्हाने नळी प्रसरण पावते आणि फोकस सरकतो, म्हणून खग्रासआधी दहा मिनिटे पुन्हा तपासा. लेन्सचे छिद्र एफ/८, संवेदनशीलता आयएसओ २०० ठेवून सौरज्वालांसाठी (सूर्याच्या कडेवर उठलेल्या ज्वाला) १/१०००, आतल्या प्रभामंडलासाठी १/६०, बाहेरच्यासाठी १/४ सेकंद. माउंट नसेल तर याहून लांबवू नका, चित्र ओघळते. ही मालिका ब्रॅकेटिंगवर (वेगवेगळ्या वेळांचे फोटो ओळीने काढणारी सोय) लावा, म्हणजे एका बटणात काम होते.

मोबाइलने सूर्याचा फोटो काढण्यात अर्थ नाही. तो ट्रायपॉडवर लावून माणसांकडे तोंड करून व्हिडिओवर ठेवा, संमीलनाआधी (सूर्य पूर्ण झाकला जाण्याआधी) पाच मिनिटे. त्याला छत्रीची सावली द्या, उन्हात तो तापून बंद पडतो. फ्लॅश बंद आहे ना, दोनदा पाहा.

२ ऑगस्ट

सकाळपासून पाणी. उन्हात असताना दर वीस मिनिटांनी एक पेला, तहानेची वाट न पाहता. सोबत माणशी ओआरएसच्या दोन-तीन पुड्या, एका लिटरला एक. ग्रहणात पाणी पिऊ नये हा नेम घरी ज्याचा त्याने ठरवावा; चाळीस अंशांत तो पाळला तर दुपारी सलाइन लागेल. पंचा ओला करून पिळून डोक्यावर ठेवा. हवा कोरडी असल्याने तो चांगला गार पडतो, पंधरा मिनिटांत वाळतो, पुन्हा भिजवा. कोणाचा घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले तर ग्रहण सोडून त्याला सावलीत नेऊन पाणी ओता आणि डॉक्टरला बोलवा.

स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, साडेअकरा ते पावणेबाराच्या दरम्यान. चष्म्यातून दहा-दहा मिनिटांनी एक नजर पुरे. या वेळात झारा बाहेर काढा: त्याच्या भोकांतून सतरंजीवर पडणाऱ्या कवडशांत प्रत्येकी एकेक सूर्यकोर दिसते.

खग्रासला पंधरा मिनिटे उरली की उजेडाचा रंग बदलतो, सावल्यांच्या कडा धारदार होतात, ऊन लागेनासे होते. पांढरी चादर अंथरून ठेवा. शेवटच्या दोन-एक मिनिटांत तिच्यावर छायापट्टे, म्हणजे फिकट-गडद लहरत्या रेघा, सरकताना दिसू शकतात. चंद्राची सावली पश्चिम-वायव्येकडून येते, तिकडचे क्षितिज मोकळे असेल अशी जागा निवडा.

मग हिऱ्याची अंगठी: काळ्या चकतीच्या कडेला उरलेला एकच लखलखता ठिपका. कडेवरचा तो शेवटचा तेजस्वी मणी विझला की चष्मा काढा आणि कॅमेऱ्याची टोपीही. दर ग्रहणाला कोणीतरी टोपी तशीच ठेवतो आणि घरी काळी चौकट घेऊन जातो.

सहा मिनिटांची वाटणी अशी करावी. पहिले मिनिट नुसत्या डोळ्यांनी. दुसऱ्यात द्विनेत्री, फिल्टरशिवाय: चंद्राच्या कडेला चिकटलेल्या गुलाबी सौरज्वाला आणि प्रभामंडलाचे तंतू यासाठी तिच्यासारखे साधन नाही. तिसऱ्यात खाली बघा, चारी क्षितिजांवर एकाच वेळी तिन्हीसांजेचा रंग असतो. सूर्याजवळ शुक्र, पूर्वेला गुरू. चौथ्यात कॅमेऱ्याचे बटण. पाचव्यापासून द्विनेत्री डोळ्यांवरून उतरवलेली. संमीलनापासून पाच मिनिटे चाळीस सेकंदांवर बोलता गजर लावून ठेवा. उन्मीलन (सूर्य पुन्हा उघडा पडणे) पश्चिमेच्या, म्हणजे दक्षिणेकडे तोंड केल्यावर उजव्या कडेला होते. ती कड उजळू लागली की चष्मा पुन्हा डोळ्यांवर आणि टोप्या लेन्सवर. लहान मुलांच्या चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधलेले असावे.

मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणे, अडीचच्या सुमारास. त्याच संध्याकाळचे विमान धरू नका, सगळे लक्सर एकाच रस्त्याला लागलेले असेल. त्या रात्रीही आकाश तितकेच काळे आहे. भिंगांवरची धूळ रबरी फुग्याने फुंकून मगच डबे बंद करा; रुमालाने पुसलेत तर वाळूचे कण काचेवर चरे पाडतात.