कॉइल लावण्याआधी बॅरल घासा

सोलापूरच्या पूर्व भागात मी आशा सेविका म्हणून घरोघरी फिरते. एकच खोली, तिथंच स्वयंपाक, तिथंच विड्या, तिथंच तान्हं बाळ. बायका विचारतात, "ताई, पोराचा खोकला हटंना, काय करू?" आधी डॉक्टरांना दाखवा. पण घरातलंही काही आपल्याच हातात आहे.

पहिली मच्छर कॉइल बंद करा. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक धूलिकण हवेत सोडते, असं मोजमाप झालेलं आहे. पण डास कमी झाल्याशिवाय कॉइल सुटत नाही. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून दारोदारी बॅरल भरलेले. डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा. उरलेलं पाणी फडक्यातून गाळून धुण्याभांड्याला घ्या आणि बॅरल आतून ब्रशनं खसाखसा घासा. नुसता उपडा करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात, बारीक काळ्या ठिपक्यांसारखी, आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. मग पाणी भरून तोंडाला कापड घट्ट बांधा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा बाळ दुपारीही मच्छरदाणीतच झोपवा.

विड्या वळणाऱ्या अक्कांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सूप घेऊन दाराशी, वाऱ्याला बसा. काम झालं की कोरडा झाडू मारू नका, तंबाखूची भुकटी उडून पोरांच्या नाकात जाते. ओल्या फडक्यानं पुसून घ्या. बाळाला पाजण्याआधी साबणानं हात धुवा आणि कामाची साडी बदला. तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं.

संडास-बाथरूमला ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. घसा जळतो, श्वास कोंडतो. कुणी टाकलंच, तर तिथंच पाणी मारत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, आणि दम लागत असेल तर लगेच दवाखाना गाठा. क्षाराच्या पांढऱ्या डागांना किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून लावा, थोडा वेळ ठेवा, मग घासा. त्यातही ब्लिचिंग मिसळायचं नाही.

उदबत्ती देवापुढं एकच लावा, खिडकी उघडी ठेवून.

आणि पेटीतल्या डांबराच्या गोळ्या. बाळंतविड्याचे कपडे, दुपटी, जुनी चादर त्या पेटीतून काढून थेट बाळाच्या अंगावर घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी६पीडी नावाचं द्रव्य कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी फुटतात आणि कावीळ जोरात वाढते. बाळाला हे आहे का, ते बघून कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत गोळ्या टाकूच नका. कपडे धुवा, आपल्याकडच्या कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.